कुस्कोला जा, पण संत मुक्कामाला येतील तेव्हा

पेरूला निघालेले बहुतेक लोक आखणीची सुरुवात माचू पिक्चूच्या तिकिटापासून करतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी सण धरा, त्या सणाच्या गावात मुक्काम पक्का करा आणि बाकीची ठिकाणं त्याच्या आगेमागे बसवा. माचू पिक्चू बाराही महिने जागेवर असतं. कुस्को शहरातले पंधरा संत आणि मेरीमाता, म्हणजे त्यांच्या मूर्ती, मात्र आपापली चर्चं सोडून वर्षातून एकदाच कॅथीड्रलमध्ये एकत्र मुक्कामाला येतात. तो आठवडा गाठलात तर पेरू पाहिलं, नाहीतर दगड पाहिले.

आम्ही दोघी जावा गेलो होतो. मी सगळं खाणारी, धाकटी अंड्यालाही हात न लावणारी. मला चढ आवडतात, तिचे गुडघे कुरकुरतात. त्यामुळे पुढच्या सूचना दोन्ही प्रकारच्या माणसांना उपयोगी पडाव्यात.

तारीख आधी, तिकीट नंतर

कुस्कोचा मोठा सण म्हणजे कॉर्पस क्रिस्ती, ख्रिस्ताच्या देहाचा सण. ईस्टरच्या रविवारनंतर 60 दिवसांनी येणारा गुरुवार. ईस्टर चंद्रावर ठरतो, म्हणून ही तारीख दरवर्षी सरकते: 2026 मध्ये 4 जून, 2027 मध्ये 27 मे, 2028 मध्ये 15 जून. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी डोंगरात कोयूर रितीची यात्रा असते. आणि 24 जूनला इंती रायमी, म्हणजे इंकांचा सूर्योत्सव, ती तारीख काही हलत नाही. म्हणजे ज्या वर्षी कॉर्पस जूनच्या मध्यावर येतो, त्या वर्षी एकाच खेपेत तिन्ही जमतात. मे महिन्यात आला तर हट्ट करू नका. कॉर्पस पाहा आणि परत या, इंती रायमी हुकली तरी फार बिघडत नाही. का ते पुढे सांगते.

जून कोरडा असतो. दिवसा टोपीशिवाय फिरवत नाही इतकं ऊन, आणि सूर्य बुडाला की पारा शून्याकडे धावतो. साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते, ब्लँकेटं मात्र मागाल तेवढी मिळतात. लाजू नका, तीन मागा.

कॉर्पसच्या आठवड्यात आणि पुन्हा 24 जूनच्या आसपास खोल्यांचे भाव चढतात. प्लाझा दे आर्मास, म्हणजे मधला मोठा चौक, त्याला अगदी लागून खोली घेऊ नका. बँड रात्री उशिरापर्यंत वाजतात आणि पहाटे फटाके सुरू होतात. सान ब्लासचा भाग सुंदर आहे, पण तिथल्या चढाच्या गल्ल्यांत बॅग ओढताना जीव जातो. सान पेद्रो बाजाराच्या बाजूला सपाटी आहे आणि मिरवणुकीचा रस्ताही जवळ. एक गंमत: शहरभर इंद्रधनुषी झेंडे दिसतील. तो कुस्को शहराचा स्वतःचा झेंडा आहे, दुसरा काही अर्थ काढू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा पासपोर्टवर असेल तर पेरूचा वेगळा लागत नाही. विमान युरोपमार्गे घ्यायचं की अमेरिकामार्गे, हेही मग त्याच व्हिसावरून ठरवा. दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लशीची. तुम्ही पेरूच्या जंगलभागात पाऊल टाकणार नसलात तरी पेरूहून भारतात परतताना विमानतळावर त्या लशीचं पिवळं पुस्तक मागतात. नसेल तर विलगीकरणात बसावं लागू शकतं. सरकारमान्य केंद्रातच ही लस मिळते आणि ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. आमच्या प्रवास एजंटाने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. धाकटीच्या मुलाने शोधून काढलं म्हणून निभावलं.

उंचीशी भांडू नका

लिमा समुद्रालगत, कुस्को 3,400 मीटरवर. विमान सव्वा तासात तुम्हाला तिथे नेऊन सोडतं आणि शरीर म्हणतं, हे काय? डोकं ठणकतं, भूक जाते, जिना चढताना धाप लागते. यावर उत्तम उपाय म्हणजे कुस्कोत उतरल्या दिवशी तिथे न राहता सरळ खाली उरुबाम्बाच्या खोऱ्यात जाणं. ओयान्तायताम्बो साधारण 2,800 मीटरवर आहे. तिथे दोन-तीन रात्री काढा, त्याच मुक्कामात माचू पिक्चू उरका, ते त्याहूनही खाली, 2,430 मीटरवर आहे. मग कुस्कोत चढा. नकाशावर हा उलटा प्रवास वाटतो, पण सणाच्या दिवशी तुम्ही उभे असाल, अंथरुणात नसाल.

कोकाच्या पानांचा चहा प्रत्येक हॉटेलच्या दारात ठेवलेला असतो. तो प्या, बरं वाटतं. मुन्या नावाच्या डोंगरी पुदिन्याचा चहा पोटाला त्याहून चांगला. रक्तदाब, हृदय किंवा फुप्फुसाचं काही असेल तर डोंगरी आजाराच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. पहिल्या दिवशी दारू नको, जड जेवण नको, धावपळ तर नकोच.

कॉर्पसचे तीन दिवस

बुधवार, गुरुवार आणि पुढच्या गुरुवारचा ऑक्टावा, म्हणजे आठवड्यानंतरचा समारोप, हे तीन दिवस मोकळे ठेवा.

बुधवारी संतांचं आगमन. शहरातल्या आणि आसपासच्या चर्चमधून मूर्ती खांद्यावरून निघतात, सांता क्लाराच्या चर्चपाशी जमतात आणि तिथून एकामागून एक सान फ्रान्सिस्को चौकातून कॅथीड्रलकडे येतात. सान हेरोनिमो आणि सान सेबास्तियन हे दोघे शहराबाहेरच्या आपापल्या गावांतून येतात आणि त्यांची शर्यत लागते, अशी जुनी चाल आहे. भोई खरोखर धावतात. सान क्रिस्तोबाल खांद्यावर बाळ येशूला घेऊन येतो, सान्तियागो घोड्यावर, सान सेबास्तियन झाडाला बांधलेला, अंगात बाण रुतलेले. प्रत्येकाचा स्वतःचा बँड, स्वतःचे नाचणारे, स्वतःचे फटाके.

उभं राहायला जागा निवडायची तर मोठ्या चौकाचा मोह टाळा. सांता क्लाराच्या कमानीजवळ सकाळीच जाऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. इथे रस्ता अरुंद असल्यामुळे पालखी हाताच्या अंतरावरून जाते आणि भोयांचे चेहरे दिसतात. खांद्यावर जाड गादी बांधलेली, कपाळावरच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि मागे उभ्या बायका त्यांच्या तोंडाला बाटली लावतायत. पुढे एक जण लांब काठी घेऊन चालतो. त्याचं काम एकच, आडव्या आलेल्या विजेच्या तारा संताच्या मुकुटाला लागण्याआधी वर उचलायच्या. पालखी टेकवायची वेळ आली की मुकादम ओरडतो, बँड मध्येच थांबतो आणि खाली लाकडी टेकू सरकवेपर्यंत कुणी श्वास घेत नाही. धाकटी माझा दंड धरून म्हणाली, "ताई, आता पडेल बघा." पडत नाही. पुन्हा उचलली की बँड जिथे सुटला होता तिथूनच सुरू होतो.

गुरुवारी कॅथीड्रलसमोर मोठी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते, मग चांदीच्या रथातून पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचा देह मानलेली भाकर, चौकाला फेरी घालतं आणि त्यानंतर सगळे संत. रथ समोरून जाताना लोक टोप्या काढतात, पुष्कळ जण गुडघे टेकतात. तुम्हीही टोपी काढा, फोन खाली घ्या. बँड आणि पालखी यांच्यामधून रस्ता ओलांडू नका, त्याला फार वाईट मानतात. पर्स पोटाशी धरा. पाकीटमार भाविकांइतकेच वेळेवर येतात.

चौकातल्या हॉटेलांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलऱ्या पैसे घेऊन जागा देतात. गुडघेवाल्यांनी ती आधीच्या दिवशी ठरवून घ्यावी. सबंध दिवस उभं राहणं खरंच जमत नाही.

पुढचे आठ दिवस मूर्ती कॅथीड्रलमध्ये ओळीने बसतात. रात्री दारं बंद झाली की संत आपसात बोलतात, आपल्या गावातल्या माणसांच्या कागाळ्या सांगतात, असं कुस्कोचे लोक हसत हसत सांगतात, पण हसणं वरवरचं असतं. या दिवसांत कॅथीड्रलमध्ये नक्की जा. सकाळच्या मिस्सेला गेलात तर तिकीट लागत नाही, पण मग पर्यटकासारखं हिंडायचं नाही. तिकीट काढून गेलात तर मार्कोस झापाताचं शेवटच्या भोजनाचं चित्र शोधा. येशूच्या पुढ्यातल्या ताटात गिनीपिग उताणा पडलेला आहे. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून नीट बघून घ्या.

स्पॅनिश येण्याआधी याच चौकात इंका राजांच्या ममी मिरवत असत. नव्या धर्माने त्या जागी संत आणले आणि लोकांनी ते स्वीकारले, पण आपल्या पद्धतीने. त्यामुळेच या मिरवणुकीत दारू, नाच, रडणं आणि नवस एकत्र चालतं. कुणी तुम्हाला चिचा (मक्याची दारू) किंवा बिअर दिली तर आधी थोडी जमिनीवर सांडा, ती धरणीमातेची, पाचामामाची. बिअरचं एकच ग्लास सगळ्यांत फिरतं. आपल्यापुरती ओतायची, बाटली शेजाऱ्याच्या हातात द्यायची, प्यायची, तळाचा फेस जमिनीवर झटकायचा आणि ग्लास पुढे करायचं. नको असेल तर छातीवर हात ठेवून "ग्रासियास" म्हणा, कुणी रागावत नाही.

या सगळ्याचा खर्च कोण करतं, असा प्रश्न मला पडलाच. प्रत्येक संताचा त्या वर्षीचा एक यजमान असतो, त्याला कार्गुयोक म्हणतात. बँड, जेवण, संताची नवी वस्त्रं, सगळं त्याच्या अंगावर. तो सणाच्या कितीतरी आधी नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या घरी मोठा गोल पाव आणि दारू घेऊन जातो. पाव घेतला की तुम्ही शब्द दिलात: कुणी फटाक्यांचा, कुणी फुलांचा, कुणी बिअरच्या पेट्यांचा. त्यामुळे मिरवणुकीत उभ्या असलेल्या माणसाला सहज विचारा, यंदाचा यजमान कोण? चेहरा खुलतो आणि पुढची माहिती न विचारता मिळते.

चिरिऊचू, आणि ज्यांना तो चालणार नाही त्यांच्यासाठी

सणाचं ताट म्हणजे चिरिऊचू. सान फ्रान्सिस्को चौकात त्यासाठी मांडव पडतात. सगळं थंडच वाढतात: खाली भाजलेल्या मक्याचे दाणे, वर भाजलेला गिनीपिग, कोंबडी, सुकवलेलं मांस, सॉसेज, चीज, मक्याच्या पिठाचं धिरडं, समुद्री शेवाळ, माशाची अंडी आणि रोकोतो मिरचीची फोड. समुद्रकिनारा, डोंगर सगळं एका ताटात. काटा-चमचा मागू नका, हातानेच खातात आणि एका घासात शक्य तितके जिन्नस घेतात. रोकोतो दिसायला सिमला मिरचीसारखी, पण ती जाळ काढते. आपल्याला तिखटाची सवय आहे, या घमेंडीत अख्खी फोड तोंडात टाकू नका.

धाकटीचं काय? पेरूत "मांस नको" म्हटलं की कोंबडी येते. कोंबडी मांसात मोडत नाही, अशी तिथल्या स्वयंपाकघराची ठाम समजूत. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो", म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे काहीच खात नाही. सूप मागताना पाणी कशाचं आहे तेही विचारा, कारण किन्वाचं सूप बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे उकडलेलं टपोऱ्या दाण्यांचं कणीस आणि चीज, पिवळ्या मिरचीच्या चीजसॉसमधले बटाटे (त्यावरचं अंडं काढायला सांगा), तारवी नावाच्या कडधान्याची कोशिंबीर आणि बटाट्याचे इतके प्रकार की मोजू नये. सान पेद्रो बाजारात फळांच्या रसाच्या बायका ओळीने बसतात. ग्लास संपलं की "यापा" म्हणा. मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस त्या पुन्हा ओततात, तो हक्काचा असतो. त्याच बाईकडे दोनदा गेलात तर तुम्ही तिच्या "कासेरिता", म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाईक झालात, मग यापा न मागता मिळते.

कोयूर रिती: दम असेल तरच

कॉर्पसच्या आधीच्या मंगळवारी मुख्य दिवस. कुस्कोहून बसने मावायानीला जायचं आणि तिथून आठेक किलोमीटर चढत सिनाकाराच्या खोऱ्यात, साडेचार हजार मीटरच्याही वर. खडकावर उमटलेल्या ख्रिस्ताच्या रूपाची ही यात्रा. आठ 'राष्ट्रांच्या' नावाने गावोगावच्या दिंड्या येतात आणि रात्रंदिवस नाचतात. 2011 साली युनेस्कोने या यात्रेला मानवी वारशाच्या यादीत घेतलं.

उकुकू म्हणजे लोकरीच्या झुलपांचा पोशाख केलेले अस्वलबुवे. बोलतात चिरक्या आवाजात, हातात चाबूक, आणि शिस्त राखायचं काम त्यांचंच. यात्रेत दारूला बंदी आहे आणि ती ते खरोखर पाळायला लावतात. पूर्वी ते रात्री हिमनदीवर चढून बर्फाच्या लाद्या पाठीवर खाली आणत, औषधी म्हणून. हिमनदी आटत चालली तसं त्यांनी ते आपणहून थांबवलं. मंदिरापासून थोड्या अंतरावर लोक दगडांची चिमुकली घरं बांधतात, खोट्या नोटा देऊन खोट्या गाड्या आणि दुकानं विकत घेतात. येत्या वर्षात ती खरी व्हावीत म्हणून. पोरखेळ वाटतो, पण घासाघीस अगदी मनापासून चालते.

कुस्कोत काही दिवस राहून उंची सोसल्याखेरीज इथे जाऊ नका. तंबूत पाणी गोठतं. दोन थरांची स्लीपिंग बॅग, डोक्याला लावायचा दिवा, स्वतःचा टॉयलेट पेपर आणि कोरडा खाऊ न्या. धाकटी खालीच राहिली, आणि तिने योग्यच केलं.

इंती रायमीबद्दल माझं मत

24 जूनचा सूर्योत्सव भव्य असतो यात शंका नाही. सकाळी कोरिकांचा या इंकांच्या सूर्यमंदिरापाशी सुरुवात, मग मोठा चौक, दुपारी साक्सायवामानच्या प्रचंड दगडी तटांपुढे मुख्य सोहळा. बोलणं सगळं केचुआ भाषेत. पण आजचं रूप 1944 पासूनचं आहे. इंकांचा मूळ सोहळा स्पॅनिशांनी बंद पाडला होता, जुन्या लिखाणावरून तो पुन्हा उभा केला. लामाचा बळीही नाटकातलाच. शेवटच्या टप्प्याला महागडी तिकिटं लागतात. पहिले दोन टप्पे गर्दीत उभं राहून फुकट दिसतात, आणि मला तेवढे पुरले.

माचू पिक्चू, लवकर आटपून

तिकीट पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा, जूनसाठी कित्येक आठवडे आधी. नाव पासपोर्टवरच्यासारखंच लिहा, मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. आता ठरावीक वेळ आणि ठरावीक मार्ग असतो, मागे फिरता येत नाही. तो प्रसिद्ध फोटो हवा असेल तर पहिला किंवा दुसरा मार्ग घ्या. गुडघे दुखत असतील तर तिसरा, त्यात चढ कमी. परदेशी प्रौढाला 152 सोल (सोल हे पेरूचं चलन) पडले. ओयान्तायताम्बोहून रेल्वे, मग पायथ्याच्या आग्वास काल्येन्तेस गावाहून नागमोडी रस्त्याने बस. आत स्वच्छतागृह नाही, दारातलं वापरून घ्या. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत.

कुस्कोभोवतीच्या बाकीच्या अवशेषांसाठी 130 सोलचं एकत्रित तिकीट मिळतं, दहा दिवस चालतं. त्यात साक्सायवामान, पिसाक, ओयान्तायताम्बो, मोराय आणि चिंचेरो येतं. कोरिकांचा, कॅथीड्रल आणि मारासची मिठागरं येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. पिसाकला टॅक्सी करू नका, कुस्कोच्या पुपुती गल्लीतून भरली की सुटणाऱ्या छोट्या गाड्या जातात. एक दिवस आंदाउआइलियासच्या चर्चसाठी ठेवा. बाहेरून गरीब दिसतं, आत मान वर केली की छत सगळं रंगवलेलं.

जून जमत नसेल तर

जुलैच्या 15 ते 18 तारखांना कुस्कोजवळच्या पाउकारताम्बो गावी कार्मेनमातेचा उत्सव असतो. मुखवटे घातलेले साक्रा, म्हणजे सैतान, छपरांवर आणि गॅलऱ्यांवर लटकतात आणि मातेची मूर्ती समोर आली की तोंड लपवतात. गाव लहान, खोल्या मोजक्या. ओळख काढून कुणाच्या घरी राहायची तयारी ठेवा.

फेब्रुवारीत पुनोला कँडेलारियामातेचा सण, मुख्य दिवस 2 तारीख. तितिकाका सरोवराच्या काठी, 3,800 मीटरवर, हजारो नर्तक आणि पितळी बँड. मात्र पाऊस असतो आणि माचू पिक्चूला जाणारी इंका ट्रेलची पायवाट तो महिनाभर बंद असते.

ज्यांना उंचीच नको त्यांनी ऑक्टोबरात लिमाला जावं. अंगोलाहून आणलेल्या एका गुलामाने 1651 मध्ये मातीच्या भिंतीवर क्रूसावरचा ख्रिस्त रंगवला. 1655 च्या भूकंपात आजूबाजूचं सगळं पडलं, ती भिंत राहिली. त्या चमत्कारी प्रभूची मिरवणूक लास नाझारेनास चर्चमधून निघते, 18 आणि 19 ऑक्टोबरला सर्वांत मोठी. जांभळ्या कपड्यांनी सगळं शहर जांभळं होऊन जातं. पालखीपुढे धूपाची भांडी घेतलेल्या बायका प्रभूकडे तोंड करून उलट पावली चालतात. एवढ्या गर्दीत मध्यभागी शिरू नका, बाजूच्या गल्लीत थांबा, मिरवणूक तुमच्याकडे येते. रस्त्याकडेला तुर्रोन दे दोन्या पेपा मिळतो, बडीशेपेच्या वासाचा, पाक आणि रंगीत गोळ्यांनी माखलेला. अर्धा किलो घ्यायच्या आधी एक तुकडा खाऊन बघा, भयंकर गोड असतो.

पैसे सोलमध्ये आणि सुट्टे ठेवा. शंभराची नोट फळवाली घेत नाही. डॉलर नेलेत तर कोरे करकरीत न्या, कोपरा फाटलेली नोट बदलून देत नाहीत. आणि परतताना बॅग नीट तपासा. कुस्कोच्या हॉटेलात मूठभर घेतलेली कोकाची पानं किंवा त्या चहाच्या पुड्या जाकिटाच्या खिशात राहतात. पेरूत त्या कायदेशीर आहेत, भारतात आणि वाटेतल्या बहुतेक देशांत नाहीत.